घरगुती पाळणाघर आणि बालकांची दिनचर्या

बालकास चिकित्सेसाठी माता-पिता आणतात. दुपारची मात्रा मात्र पाळणाघर चालविणाऱ्या भगिनी देतात. म्हणून त्या घरातील दिवस कसा आखला जातो, हे वैद्यांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

चार-पाच बालके सांभाळावयाची तर वेळापत्रक हवेच. ते घड्याळाला नव्हे, क्रमाला बांधलेले असावे: खाणे, खेळ, निद्रा, उठल्यावर पुन्हा खाणे. क्षुधा, तृष्णा, निद्रा, मल, मूत्र हे अधारणीय वेग होत. सुश्रुतोक्त वयोविभागातील क्षीरप (एक वर्षापर्यंत), क्षीरान्नाद (दोन वर्षांपर्यंत) आणि अन्नाद अशी तिन्ही बालके येथे एकाच खोलीत असतात. बालकांना दिवास्वाप चरकांनी सर्व ऋतूंत संमत केला आहे; पण सर्वांना एकाच वेळी निजविण्याचा हट्ट हा सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा, बालकांच्या नव्हे. क्षीरप बालक दोन-तीनदा निजेल. चार वर्षांचे न निजल्यास त्याला शेजारी शांत खेळ द्यावा. खेळणी कशी असावीत हे शारीरस्थानात आलेच आहे: हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी.

औषधयोजना शक्यतो सकाळ-सायंकाळ घरीच देता येईल अशी करावी. एक वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान देऊ नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा प्राणघातक ठरू शकणारा विकार संभवतो. चाटणाची सवय जुनी असल्याने पाळणाघरात मध सहज वापरला जातो. दुपारची मात्रा अटळ असल्यास औषधालयचालकांनी बालकाचे नाव, मात्रा, अनुपान आणि ‘मध नको’ ही सूचना पुडीवरच ठळक लिहून द्यावी.