गवताळ माळरानावर काळविटाचे छायाचित्रण

दाट जंगलात प्राण्याचे छायाचित्र काढताना मुख्य अडचण तो दिसण्याची असते. माळरानावर ही अडचण नाही. काळवीट तुम्हाला अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतो. पण तोही तुम्हाला तितक्याच लांबून, बहुधा तुमच्या आधी, पाहत असतो. लपायला झाड नाही, झुडूप नाही. त्यामुळे येथे सगळा प्रश्न अंतराचा आहे, आणि ते अंतर किती असावे हे तुम्ही ठरवत नाही, काळवीट ठरवतो. या पाठात आपण गुजरातमधील वेळावदरचे उदाहरण घेऊन हा प्रश्न कसा हाताळावा ते पाहू.

प्रथम प्राण्याची थोडी ओळख. काळवीट हा कुरंग आहे, सारंग नव्हे. सांबर, चितळ या सारंगांची शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात; कुरंगाची शिंगे आयुष्यभर टिकतात. म्हणून एखाद्या नराचे शिंग टोकाला तुटलेले असेल तर तोच नर तुम्हाला पुढच्या वर्षीही ओळखता येतो. पिळदार शिंगे सहसा नरालाच असतात. मादी व लहान नर पिवळसर तपकिरी असतात. नर वयात येतो तसा त्याची पाठ व मान काळी होत जाते, पोट आणि डोळ्याभोवतीचे कडे मात्र पांढरे राहते. या काळ्या-पांढऱ्यामुळेच एक्स्पोजरचा घोटाळा होतो. त्याकडे पुढे येऊ.

वेळावदर हे भावनगर जिल्ह्यातील भाल प्रदेशात, खंभातच्या आखाताजवळ आहे. ही पूर्वी भावनगरच्या महाराजांची राखीव गवताची वीडी होती आणि येथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. 1976 साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे 34 चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. आज चित्ता नाही, पण लांडगा आहे, आणि काळविटाची नजर व पाय अजून तसेच आहेत.

कोणताही वन्य प्राणी माणसाला एका ठरावीक अंतरापर्यंत येऊ देतो, त्यानंतर पळतो. याला पलायन-अंतर म्हणतात. हे अंतर जागेनुसार, ऋतूनुसार, कळपात पाडसे आहेत की नाहीत त्यानुसार बदलते. जेथे माणूस नेहमी दिसतो व त्रास देत नाही तेथे ते कमी असते. पळण्याच्या बऱ्याच आधी कळप तुम्हाला सूचना देतो. चरणारे एक डोके वर येते, चघळणे थांबते, दोन्ही कान तुमच्याकडे वळतात. मग दुसरे डोके वर येते. पुढचा पाय आपटला तर समजावे की उशीर झाला. पहिले डोके वर येताच थांबा आणि ते खाली जाईपर्यंत काहीही करू नका. नवशिक्याला ही पाच-दहा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात, पण दिवसातले चांगले छायाचित्र बहुधा त्यानंतरच मिळते.

आता थोडे गणित करू. पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर असते. 400 मिलिमीटरची लेन्स लावली आणि काळवीट 60 मीटरवर असला, तर फ्रेममध्ये 36 ÷ 400 × 60 म्हणजे 5.4 मीटर रुंदीचे दृश्य मावते. काळविटाची लांबी साधारण 1.2 मीटर धरा; तो फ्रेमच्या चौथाईपेक्षाही थोडा कमी भाग व्यापेल. 120 मीटरवर तो नवव्या हिश्श्याएवढा उरतो. लहान, 1.5 पट सेन्सर असेल तर 60 मीटरवर दृश्याची रुंदी 3.6 मीटर, म्हणजे काळवीट एक-तृतीयांश. हे आकडे निघण्यापूर्वीच मनाशी मांडून ठेवा. आपल्या लेन्समध्ये कोणते चित्र शक्य आहे हे माहीत असले की जवळ जाण्याची घाई आपोआप कमी होते. 120 मीटरवरून डोळ्यांचे चित्र मिळणार नाही, पण वाऱ्याने झुकलेले गवत, त्यात उभा एक काळा नर आणि वर भरपूर आकाश, असे चित्र मिळेल. माझ्या मते काळविटाची खरी ओळख अशाच चित्रात दिसते. फ्रेमभर डोके असलेले चित्र प्राणिसंग्रहालयातही काढता येते.

उद्यानात गाडीतून उतरता येत नाही, आणि ते सोयीचेच आहे. चालणाऱ्या माणसाच्या आकृतीला काळवीट जितका बिचकतो तितका उभ्या गाडीला बिचकत नाही. इंजिन बंद करा; त्याच्या थरथरीने चित्र हलते. खिडकीच्या काठावर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. तिपाईचा गाडीत उपयोग नाही. गाडी काळविटाच्या रोखाने सरळ नेऊ नका. रस्त्यावरूनच, त्याला बाजूने जाते आहे असे वाटेल अशी, सावकाश न्या.

दुसरा शत्रू म्हणजे तापलेली हवा. ऊन चढले की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम व विरळ होते. या थरांतून येणारे किरण वेडेवाकडे वळतात आणि दूरची वस्तू पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. लेन्स कितीही महाग असो, यावर उपाय नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकी थरथर मोठी दिसते. येथे एक पेच आहे. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले चित्र चांगले दिसते, पण थरथर सर्वांत जास्त असते ती जमिनीजवळच. म्हणून खालच्या कोनाची चित्रे सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात उरका. दूरच्या नराच्या शिंगाची कड फ्रेममध्ये लहरताना दिसली, की कॅमेरा ठेवून दुर्बीण घ्या.

आता एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. वाळलेले सोनेरी गवत त्यापेक्षा उजळ असते. काळवीट फ्रेममध्ये लहान असेल तर मापक गवताला काळवंडवतो आणि नर हा नुसता काळा डाग होतो. त्याचा डोळाही हरवतो. तेव्हा अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा. पण तोच नर जवळ आला व त्याच्या काळ्या पाठीने फ्रेम भरली की उलट घडते: मापक प्रकाश वाढवतो आणि पांढरे पोट जळून जाते. तेव्हा तेवढाच प्रकाश कमी करा. एकाच सकाळी ही दुरुस्ती दोनदा उलटी करावी लागते, म्हणून हिस्टोग्राम पाहण्याची सवय हवी.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वेळावदरला एक विशेष दृश्य दिसते. अनेक नर माळाच्या एका भागात जमून प्रत्येक जण लहानशी हद्द धरतो. लेंड्यांचे ढीग व डोळ्यांजवळील ग्रंथीचा स्राव ही त्यांच्या हद्दीची खूण. नाक वर करून, शिंगे पाठीवर टेकवून ते मिरवतात, हद्दीवर झुंजतात. माद्या येऊन नर निवडतात. चालत्या नरासाठी 1/500 सेकंद पुरतो, झुंजीला 1/2000 हवा. मात्र येथे लांबूनच काढा. गाडीमुळे माद्या बिचकून परतल्या तर नराचा अनेक दिवसांचा पहारा फुकट जातो.

उडी मारणाऱ्या कळपाचे चित्र सर्वांनाच हवे असते. त्यासाठी गाडी दामटून कळप पळवणारे लोक आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणेही येते, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे असे चित्र हा कायद्याच्या भाषेत शिकारीचा पुरावा ठरू शकतो. कळप लांडग्यामुळे किंवा आपसांतल्या हुलकावणीने आपणहून उडतो, तेव्हा तयार राहा.

पाडस जन्मल्यावर पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहते आणि आई दूर चरते. ते ‘सोडून दिलेले’ नसते. ते दिसले तर गाडी थांबवू नका, आणि त्याचे ठिकाण कोणाला सांगू नका. तुमच्या मागोमाग कुत्रीही येतात. रस्ता सोडून गवतात गाडी न घालण्याचे हेही एक कारण आहे.

वेळावदर पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते. महाराष्ट्रातील वाचकांना कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य जवळचे आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर असल्याने काळवीट आसपासच्या शेतांतही उतरतात. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि कळपाचे पहिले डोके किती अंतरावर वर येते तेवढेच वहीत लिहून आणा.