अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारातील सहव्याधी

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार हा बालपणी सुरू होणारा मज्जाविकासाशी संबंधित विकार असून तो एडीएचडी या संक्षिप्त नावाने परिचित आहे. लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावळेपणा ही त्याची मुख्य लक्षणे होत. याच व्यक्तीत सोबत आढळणाऱ्या अन्य मानसिक विकारांना सहव्याधी म्हणतात. सहव्याधी हा येथे अपवाद नसून बहुधा नियम असतो. त्यामुळे एका विकाराचे निदान होताच तपासणी थांबविल्यास दुसरा विकार उपचाराविना राहतो.

स्वरूप

उत्तर अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एमटीए या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश मुलांनाच केवळ एडीएचडी होता. इतरांत अवज्ञाकारी वर्तन, चिंताविकार इत्यादी सोबत आढळले. मुलांमध्ये अध्ययन अक्षमता व स्वमग्नता, तर प्रौढांमध्ये नैराश्य, चिंताविकार, द्विध्रुवीय विकार, निद्रानाश व व्यसनाधीनता या सहव्याधी विशेषत्वाने दिसतात. स्वमग्नता व एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीत करण्यास अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रथम मान्यता दिली.

काही सहव्याधींमागे समान आनुवंशिक घटक असतात. काही मात्र परिणामरूपाने उद्भवतात. ‘आळशी’, ‘व्रात्य’, ‘बेजबाबदार’ असे शिक्के वर्षानुवर्षे सोसणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास खचतो आणि पुढे नैराश्याला वाट मिळते.

निदान

लक्ष न लागणे हे नैराश्यातही दिसते आणि चिंतेतही. भेद ओळखण्यास काळाचा क्रम उपयोगी पडतो. एडीएचडीची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून, घरी व शाळेत, सातत्याने असतात. नैराश्य वा उन्माद ठरावीक कालखंडांत येतात. उन्मादात झोपेची गरजच कमी होते. म्हणून प्रौढांच्या निदानातही पालकांच्या आठवणी व प्रगतिपुस्तकांवरील जुने शेरे मोलाचे ठरतात. मुलींमध्ये चंचलता अनेकदा ठळक नसते; त्यामुळे चिंता वा नैराश्यच आधी लक्षात येते व मूळ विकार झाकला जातो.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा घरोघरी बोलल्या जातात. घरची भाषा व शाळेचे माध्यम भिन्न असल्यास वाचनातील अडचण केवळ भाषेमुळेही असू शकते. अध्ययन अक्षमतेचे निदान करण्यापूर्वी ही शक्यता तपासावी लागते.

उपचार व दैनंदिन जीवन

सामान्यतः जो विकार अधिक तीव्र, त्यावर आधी उपचार होतात. आत्महत्येचे विचार, उन्माद वा तीव्र व्यसन असल्यास त्यांना प्राधान्य मिळते. मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाने उन्माद बळावू शकतो; भारतात ते अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली नियंत्रित आहे. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे अनुत्तेजक औषध पर्याय ठरते. चालू असलेली सर्व औषधे प्रत्येक डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक असते.

विसराळूपणामुळे नैराश्याच्या गोळ्याही चुकतात व आजार उलटतो. वारांचे खण असलेली औषधाची डबी, भिंतीवरील लेखी वेळापत्रक, कामाचे लहान टप्पे, ठरलेली झोपेची वेळ आणि वर्तनोपचार यांचा उपयोग होतो.

कायदा व सेवा

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता व मानसिक आजार यांचा समावेश आहे; एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी सहव्याधीची नोंद राहून गेल्यास विद्यार्थी हक्काच्या सवलतीसही मुकू शकतो.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते; तेथे मराठीतूनही बोलता येते.