मनाली ते लेह सायकलने : आधी घरची तयारी

‘येत्या सप्टेंबरात आम्ही सायकलने मनालीहून लेहला जाणार’ असं मंडळाच्या संक्रांतीला सांगितलं, तेव्हा तिळगूळ हातात पडायच्या आत दोन प्रश्न आले. पहिला, ‘वेड लागलंय का?’ आणि दुसरा, ‘घरचे काय म्हणतात?’ पहिल्याचं उत्तर आम्ही शोधत बसत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि गेल्या दीड वर्षातली आमची बहुतेक धावपळ त्यापायीच झाली.

आम्ही मूळचे पाच जण. सगळे इथे बे एरियातले, नोकरदार, पोराबाळांचे. नावं घेत नाही, गावावरून ओळख करून देतो: डोंबिवलीकर, नागपूरकर, पार्लेकर, साताऱ्याच्या ताई आणि सांगलीचा मी. पाचाचे चार कसे झालो ते पुढे येईलच.

रस्ता थोडक्यात असा. मनाली साधारण २,०५० मीटरवर, तर लेह ३,५०० मीटरवर. पण मधे रोहतांग (३,९७८), बारालाचा ला (सुमारे ४,८९०), नकी ला, लाचुंग ला (५,००० च्या वर) आणि तांगलांग ला (५,३२८) असे पाच घाट आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून बहुतेक गाड्या रोहतांग टाळतात. आम्ही मुद्दाम जुन्या घाटानेच जाणार, कारण दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला मिळालं तर शरीराला सवय लागायला बरं पडतं. लेहला पोचल्यावर अंगात जोर उरला तर खारदुंग ला. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. फोटो मात्र सगळे पाटीबरोबरच काढतात!

घाटांची उंची ऐकून लोक दचकतात. आमच्या मते खरी गोम वेगळीच आहे. उंचीचा त्रास वाढला की त्यावरचं पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं. पण बारालाचा ओलांडून सरचूला (सुमारे ४,२९० मीटर) पोचलात की मागे उतरायला तोच घाट पुन्हा चढावा लागतो. पांगला तर मागे लाचुंग आणि नकी, पुढे तांगलांग. म्हणजे खाली जायचं तर आधी वर जा! ज्याला चालताना झोक जातोय त्याला सायकलवर बसवून घाट चढवणार कसा? आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बॅकअप म्हणतो तो इथे एकच : चार चाकी गाडी, तिच्यात ऑक्सिजनचं सिलिंडर आणि त्या रस्त्याचा सराव असलेला ड्रायव्हर.

यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. डोंबिवलीकरांचं म्हणणं, ‘गाडी मागे घेऊन जायचं तर सायकल कशाला? सामान आपलं आपण वाहायचं.’ ताईंनी शांतपणे विचारलं, ‘पांगला रात्री तुझा श्वास अडकला, तर तुला कोण वाहायचं?’ तरी ते ऐकेनात. शेवटी हिशेब मांडला. गाडीचा खर्च वाटून घेतला तर माणशी जेवढा येतो, त्याहून जास्त पैसे त्यांनी नुकतेच कार्बनच्या चाकांच्या जोडीवर घातले होते. गाडी ठरली.

त्यांचं मन खरं वळलं ते मात्र गेल्या जुलैत. इथल्या सरावाची अडचण अशी की आपण सगळे समुद्राच्या काठचे. योसेमिटीतला टायोगा पास ३,०३१ मीटर, म्हणजे लाहौलमधल्या केलाँगपेक्षाही किंचित बुटका. पण बिशप गावाजवळ व्हाइट माउंटनचा रस्ता आहे. त्याचं फाटक सुमारे ३,५६० मीटरवर, म्हणजे जवळपास लेह. फाटकापलीकडे मोटारींना सहसा बंदी, पण सायकल चालते. पुढे बारक्रॉफ्टचं संशोधन केंद्र ३,८०० मीटरवर, म्हणजे आमच्या आखणीतलं पटसिओ. आणि शिखर ४,३४४ मीटर, म्हणजे सरचूच्याही थोडं वर. सगळी शिडी एका डोंगरावर!

खालच्या कॅम्पात दोन रात्री काढून आम्ही निघालो. डोंबिवलीकर आमच्यातले सगळ्यांत तगडे, ट्रायथलॉन करणारे. बारक्रॉफ्टला सगळ्यांच्या आधी पोचले आणि एका दगडामागे ओकत बसलेले सापडले. डोकं सकाळपासून दुखत होतं, सांगितलं नव्हतं. सर्वांत मागून, आजीबाईच्या चालीनं आलेल्या ताई मात्र बसून शेंगदाणे खात होत्या. दमश्वास चांगला म्हणजे उंची सोसेल असं नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतंच. उलट तगडा माणूस भरभर चढतो म्हणून लवकर अडकतो. त्या सरावाची सवय सप्टेंबरपर्यंत टिकणार नाही, ती दोनतीन आठवड्यांत ओसरते. पण कुणाकडे लक्ष ठेवायचं ते कळलं.

त्यावरून आम्ही आखणी बदलली. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीनचार दिवसांनी एक दिवस मुक्काम, हा डॉक्टरांचा ठोकताळा. जिस्पाहून (३,२००) एका दिवसात सरचू गाठणारे पुष्कळ असतात. ती एकदम हजार मीटरची उडी होते. आम्ही जिस्पाला एक दिवस जास्त थांबून मग पटसिओ, मग झिंगझिंगबार आणि नंतर सरचू असे जाणार. पटसिओचा टप्पा ५०० च्या जरा वर जातो, म्हणून तिथेही दोन रात्री. रजेचे दोन दिवस त्यात जास्त गेले, जाऊ देत.

डायमॉक्स प्रत्येकानं आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आम्हाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं सांगितलंय. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा-कोक बेचव लागतो, तेव्हा घाबरू नये. मात्र गोळी घेतली म्हणून भरभर चढायला मोकळीक मिळत नाही.

आणि एक ठराव, सगळ्यांच्या सहीचा. रोज सकाळ-संध्याकाळ डोकेदुखी, मळमळ, झोप, थकवा हे चार प्रश्न प्रत्येकाला विचारायचे आणि वहीत लिहायचे. डोकं दुखतंय तोवर वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वाट न पाहता, रात्र असली तरी, गाडीनं खाली. पहिलं लक्षण मेंदूच्या सुजेचं आणि दुसरं फुफ्फुसात पाणी होण्याचं असू शकतं, आणि दोन्ही जिवावर बेततात. निर्णय आजारी माणसानं घ्यायचा नाही, उरलेल्यांपैकी कुणीही एकानं ‘उतरा’ म्हटलं की उतरायचं. बहुमत नाही, चर्चा नाही. मराठी मंडळात चर्चेशिवाय झालेला हा बहुधा पहिलाच ठराव!

आता नागपूरकरांबद्दल, त्यांच्या परवानगीनं. वय ४६, पोट नाही, सिगारेट नाही, छातीत कधी कळ नाही. पण वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. आपण दक्षिण आशियाई लोक या बाबतीत जरा कमनशिबीच. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात आपला वंश हाच एक जोखीम वाढवणारा मुद्दा म्हणून धरलाय, आणि २०१० पासून आपल्या बे एरियात आणि शिकागोत ‘मसाला’ नावाचा अभ्यास याच विषयावर चालू आहे. मोहिमेसाठी म्हणून सगळ्यांनीच तपासण्या केल्या. ताईंचं फेरिटिन कमी निघालं, त्या काही महिने लोहाच्या गोळ्यांवर होत्या. नागपूरकरांचा कॅल्शियम स्कोअर जास्त आला, मग ट्रेडमिलवर आलेख बिघडला, मग अँजिओग्राफी, आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट. या वर्षी ५,००० मीटर नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन आठवडे ते कुणाशी धड बोलले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, ‘भावजी, तुमच्या त्या सायकलीला मी नावं ठेवायची, आता कुठल्या तोंडानं ठेवू?’

राहता राहिले कागद. इथला आरोग्य विमा भारतात कितपत चालतो ते आपापल्या कंपनीला लेखी विचारा. आमच्यापैकी दोघांचा फक्त तातडीच्या उपचारांपुरता निघाला. प्रवास विमा घेताना बारीक अक्षरांत तीन गोष्टी पाहिल्या. उंचीची मर्यादा किती (काही पॉलिसी ४,५०० मीटरलाच हात टेकतात), सायकल मोहीम ‘धोक्याचे खेळ’ या सदरात टाकलीय का, आणि सुटकेचा खर्च मिळायला आधी त्यांच्याच नंबरवर फोन करावा लागतो का. बहुधा लागतोच. जुना आजार असेल तर त्याची सूट मिळवायला पहिला पैसा भरल्यापासून साधारण दोनतीन आठवड्यांतच पॉलिसी घ्यावी लागते. तिकिटं काढून निवांत बसू नका.

नोकरीतून मिळणारा आयुर्विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. म्हणून पार्लेकरांनी आणि मी वेगळा टर्म विमा घेतला. अर्जात साहसी छंद आणि परदेश प्रवास विचारलाच होता. खरं लिहिलं, हप्ता थोडा वाढला. खोटं लिहून पहिल्या दोन वर्षांत काही झालं, तर कंपनी अर्ज उकरून काढते आणि बायकोमुलांच्या हाती नकाराचं पत्र येतं. मृत्युपत्रही केलं, मुलांचं पालकत्व कुणाकडे ते त्यात लिहिलं. आणि ४०१-के वरचं वारसाचं नाव तपासलं, कारण ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे जात नाहीत. पार्लेकरांच्या खात्यावर अजून लग्नाआधीचं, आईचं नाव होतं! ते संध्याकाळी घरी सांगायचं की नाही यावर गाडीत तासभर खल झाला.

एक इशारा. इथे डोंगरात जाताना आपण सॅटेलाइट फोन किंवा संदेशाचं यंत्र सहज खिशात टाकतो. भारतात परवानगीशिवाय ते नेणं बेकायदा आहे आणि विमानतळावरच अटक होऊ शकते. त्यामुळे फोन न लागणारे पट्टे गृहीत धरूनच निरोपांची व्यवस्था केलीय, आणि ती नागपूरकरांकडे. आमच्या पॉलिसी, रक्तगट, औषधं, ड्रायव्हरचा नंबर, सगळ्याची फाइल त्यांच्याजवळ. ठरलेल्या मुक्कामानंतर ३६ तास निरोप आला नाही तर कुणाला कुठल्या क्रमानं फोन करायचे ते त्यांनी स्वतः लिहून काढलंय. चारही घरच्यांनी आम्हाला न विचारता आता परस्पर त्यांनाच विचारायला सुरुवात केलीय.

सराव दर शनिवारी माउंट हॅमिल्टनवर असतो. एकूण १९ मैल, वर लिक वेधशाळा. हा रस्ता १८७६ मध्ये घोडागाड्यांनी सामान वर नेता यावं म्हणून बांधला, त्यामुळे चढ लांब पण सौम्य आहे, थेट मनाली-लेहसारखा. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी साडेसहाला ॲलम रॉकच्या पायथ्याशी यावं. वर थंडी असते, जाकीट आणा. नागपूरकर पहिल्या उतारापर्यंत डॉक्टरांच्या परवानगीनं बरोबर येतात आणि परतताना सगळ्यांसाठी चहाचा थर्मास उघडतात.