विश्लेषण : विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हवे ते सापडत का नाही?

परीक्षा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. विद्यार्थी मोबाइलवर विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडतो. समोर येते ते कुलगुरूंचे छायाचित्र, मग एका चर्चासत्राच्या उद्घाटनाची सरकती छायाचित्रे, मग मानांकन मिळाल्याबद्दलचे अभिनंदन. अर्जाची लिंक याच पानावर आहे. पण ‘नवीन’ असे लुकलुकणाऱ्या डझनभर सूचनांमध्ये कुठेतरी. ती त्याला सापडत नाही. तो मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतो आणि तिथून लिंक मिळवतो. संकेतस्थळ कोट्यवधींचे असो वा काही लाखांचे, त्याचे काम त्या गटाने केलेले असते. देशोदेशीच्या विद्यापीठांमध्ये कमी-अधिक फरकाने असेच घडते. असे का होते आणि ते तपासण्याचा साधा मार्ग कोणता?

व्यंगचित्रात नेमके काय होते?

अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत २०१० साली दोन वर्तुळांची एक आकृती प्रसिद्ध झाली. एका वर्तुळात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर दिसणाऱ्या गोष्टी होत्या : परिसराची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या, प्रसिद्धिपत्रके, अध्यक्षांचे पत्र, संस्थेचे तत्त्वज्ञान. दुसऱ्यात लोक जे शोधायला येतात ते : प्रवेश अर्ज, शैक्षणिक वेळापत्रक, प्राध्यापकांचे फोन आणि ईमेल, वाहनतळाची माहिती, उपयोगी पडेल असा नकाशा. दोन्ही वर्तुळे एकमेकांवर येतात त्या जागेत एकच गोष्ट होती, विद्यापीठाचे पूर्ण नाव. उच्च शिक्षणातील संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांच्या सादरीकरणांत हे चित्र आजही हमखास दिसते. विनोद पंधरा वर्षांहून जुना झाला, पण शिळा झालेला नाही.

मुखपृष्ठ असे का होते?

विद्यापीठातील कर्मचारी स्वतः मुखपृष्ठ फारसे वापरत नाहीत, हे एक कारण. परीक्षा विभागातल्या कारकुनाला आपल्या प्रणालीचा थेट पत्ता ठाऊक असतो आणि प्राध्यापकांनी आपले पान ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले असते. मुखपृष्ठाकडे ते वापरायची वस्तू म्हणून न पाहता दर्शनी भिंत म्हणून पाहतात. भिंतीवर आपल्या विभागाचा फलक असावा, असे मग प्रत्येकाला वाटू लागते. मेन्यूची रचनाही प्रशासनाच्या तक्त्याबरहुकूम होते : अधिकार मंडळे, विद्याशाखा, कक्ष, उपविभाग. परीक्षा शुल्क ‘वित्त व लेखा’खाली आहे की ‘परीक्षा व मूल्यमापन मंडळा’खाली, हे कळायला विद्यार्थ्याला आधी विद्यापीठ कायदा वाचावा लागेल.

सरकती छायाचित्रे, म्हणजे ‘स्लायडर’, हा तर विभागांमधला तहच असतो. पहिली जागा कुणाची यावर वाद नको म्हणून पाचही जणांना आळीपाळीने जागा दिली जाते. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या वेब विभागातील एका विकासकाने २०१३ मध्ये आपल्याच मुखपृष्ठाची मोजणी जाहीर केली, तेव्हा या तहाची किंमत कळली. त्या चित्रांवर क्लिक करणारे एकूण भेटकर्त्यांपैकी जेमतेम एक टक्का होते आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक क्लिक पहिल्याच चित्रावर झाल्या होत्या. उरलेल्या चार विभागांना जागा मिळाली, वाचक मिळाला नाही.

वापर-चाचणी म्हणजे काय?

फेररचनेची बैठक बसली की चर्चा रंगांवर आणि बोधचिन्हाच्या आकारावर जाते. प्रत्येकाचे मत असते आणि पदानुसार त्याला वजन असते. वापर-चाचणी, म्हणजे ‘युजर टेस्टिंग’, ही चर्चा बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारते : ज्याच्यासाठी हे बनवले, त्याला ते वापरता येते का?

पद्धत सोपी आहे. एका विद्यार्थ्याला बोलवायचे, त्याच्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडायला सांगायचे आणि एक काम द्यायचे. काम सांगताना मेन्यूतला शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. ‘परीक्षा अर्ज शोध’ असे म्हटले की तो फक्त ते शब्द हुडकतो. ‘चौथ्या सत्रातला तुझा एक विषय राहिला आहे, अर्ज कधीपर्यंत भरता येईल ते सांग’ असे म्हटले, तर तो खरा कसा शोधतो ते दिसते. शोधताना मनात जे येईल ते त्याने मोठ्याने बोलत राहायचे. हे तंत्र आयबीएममध्ये संशोधन करणाऱ्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये संगणकाच्या वापराच्या अभ्यासात आणले. शेजारी बसलेल्याने मदत करायची नाही, ‘वर बघ ना’ असे तर मुळीच म्हणायचे नाही. बसणाऱ्यासाठी हीच सर्वांत अवघड गोष्ट ठरते.

यातून काय हाती लागते? सर्वांत आधी शब्दांचे अंतर. विद्यार्थी ‘एटीकेटी’ शोधतो, पानावर ‘पुनर्परीक्षार्थी’ असते. त्याला ‘मार्कशीट’ हवी असते, लिहिलेले असते ‘गुणपत्रक’. कधी मराठी पानावर एक शब्द आणि इंग्रजी पानावर भलताच. ‘विद्यार्थी कक्ष’, ‘स्टुडंट कॉर्नर’ आणि ‘विद्यार्थी विकास’ हे तीन पर्याय शेजारीशेजारी दिसले की बोट थबकते. हे थबकणे महत्त्वाचे. बॉब बेली आणि केरी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिली क्लिक योग्य जागी पडलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचे काम तडीस गेले, तर पहिलीच क्लिक चुकलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले.

चाचणीत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. काम न जमलेली व्यक्ती संकेतस्थळाला क्वचितच दोष देते. ‘मलाच नीट येत नाही’ असे म्हणते आणि गप्प होते. म्हणूनच मुखपृष्ठावर ‘आमचे संकेतस्थळ आपल्याला कसे वाटले?’ असा प्रश्न ठेवून मिळालेल्या पसंतीवर विसंबता येत नाही. आवडणे आणि सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पान रंगवण्याआधी, निव्वळ कागदावरही बरेच तपासता येते. मेन्यूतले साठ-सत्तर विषय चिठ्ठ्यांवर लिहून विद्यार्थ्यांना त्यांचे गट पाडायला सांगितले, की त्यांच्या डोक्यातली मांडणी टेबलावर येते. तिला ‘कार्ड सॉर्टिंग’ म्हणतात. ती मांडणी प्रशासनाच्या तक्त्याशी क्वचितच जुळते.

पाच माणसे पुरतात का?

जेकब नील्सन आणि टॉम लँडॉर यांनी १९९३ मध्ये एक गणिती प्रारूप मांडले. त्यांच्या आकडेवारीत एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. दुसऱ्या व्यक्तीला त्यातल्या बऱ्याच पुन्हा सापडतात, थोड्या नव्या सापडतात. या हिशेबाने पाच व्यक्तींपर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन घ्या आणि दोन चाचण्यांच्या मध्ये दुरुस्ती करा, असा सल्ला नील्सन यांनी २००० साली दिला. तो जगभर पाळला जातो.

त्याला आक्षेपही आहेत. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ मध्ये चार विक्री-संकेतस्थळांची चाचणी ४९ जणांवर घेतली, तेव्हा पहिल्या पाच जणांत फक्त ३५ टक्के अडचणी सापडल्या. विद्यापीठाच्या बाबतीत हा आक्षेप जास्तच लागू पडतो, कारण इथे ‘वापरकर्ता’ एक नसतो. बारावी झालेली मुलगी, तिचे पालक, दूरशिक्षणाचा नोकरदार विद्यार्थी, संलग्न महाविद्यालयातला लिपिक, परदेशी जाण्यासाठी ट्रान्सक्रिप्ट मागणारा माजी विद्यार्थी या सगळ्यांची कामे निराळी. पाच जण घ्यायचे तर ते प्रत्येक गटातले घ्यावे लागतील, आणि ते केवळ मुख्यालयाच्या आवारातले असून चालणार नाहीत. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला मुंबईची खिडकी सुमारे पाचशे किलोमीटरवर. त्याच्यासाठी संकेतस्थळ हीच खिडकी, आणि तिथे ‘आत जाऊन विचारा’ म्हणणारा शिपाईही नाही.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षणसंस्थांना शुल्क, अभ्यासक्रम, प्राध्यापक, तक्रार निवारण आदी माहिती संकेतस्थळावर जाहीर करायला सांगितले आहे. ती नोंदणी वा लॉगिनशिवाय पाहता यावी आणि संकेतस्थळावर शोधसुविधा असावी, अशीही अपेक्षा आहे. मात्र माहिती ‘आहे’ याची तपासणी होते. ती ‘सापडते’ का, याची होत नाही. पूर्ततेची यादी जसजशी वाढते, तसतसे मुखपृष्ठावर आणखी एक बटण येते.

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे आणि केंद्राची शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रत्यक्षात परिपत्रकावर सही-शिक्का झाल्यावर ते स्कॅन होते आणि त्या चित्राची पीडीएफ चढवली जाते. त्यात वाचता येणारा मजकूरच नसतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर तिथे मुके होते, आणि संकेतस्थळाच्या शोधपेटीलाही ते परिपत्रक दिसत नाही. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक हलणारा मजकूर थांबवण्याची सोय हवी, असे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष सांगतात. सरकत्या पट्टीतल्या सूचना मात्र थांबत नाहीत. चाचणीला एखादा दृष्टिहीन विद्यार्थी बसवला तर पहिल्या दहा मिनिटांत हे सगळे कळते.

फेररचनेत काय बिघडते?

नवे मुखपृष्ठ लागले की जुने पत्ते तुटतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका असे बजावले होते. बहुतेक विद्यार्थी मुखपृष्ठावरून येतच नाहीत. गूगलवर शोधतात किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून थेट आतल्या पानावर उतरतात. तिथे ‘पान सापडले नाही’ असे आले की मुखपृष्ठ कितीही देखणे असो, उपयोग नाही. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात संस्थेच्या संकेतस्थळावरील कागदपत्रांच्या लिंक द्याव्या लागतात. फेररचनेनंतर त्याही निकामी होऊ शकतात, तेव्हा कुठे प्रशासनाला या प्रश्नाचे गांभीर्य जाणवते. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे, पण कंत्राटात लिहिलेली नसेल तर ती होत नाही.

दुसरी अडचण काढून टाकण्याची. चाचणीचा निष्कर्ष बहुधा ‘हे हटवा’ असा असतो आणि हटवायचा अधिकार कुणाकडेच नसतो. ब्रिटन सरकारने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘गव्ह डॉट यूके’ सुरू केले तेव्हा जुनी दोन मोठी संकेतस्थळे बंद करून एक केले, आणि नागरिकांची गरज हा पहिला निकष ठरवला. तिथे मजकुरावर अंतिम शब्द असणारे एक पथक होते. आपल्याकडे संकेतस्थळ संगणक केंद्राकडे, मजकूर विभागांकडे, मंजुरी कुलसचिवांकडे आणि बदल कंत्राटदाराकडे. गेल्या वर्षीची प्रवेशसूचना या वर्षीही वर राहते, कारण ती काढायला कुणी लेखी सांगितलेले नसते.

यावर निघू शकणारी वाट फार खर्चिक नाही. सभागृह नको, प्रयोगशाळा नको. एक खोली, एक मोबाइल, पाच कामे लिहिलेला कागद आणि पडद्याचे चित्रण पुरते. ‘डोन्ट मेक मी थिंक’चे लेखक स्टीव्ह क्रुग महिन्यातून एक सकाळ आणि तीन वापरकर्ते एवढेच सुचवतात, त्यांचा आग्रह आहे तो निर्णय घेणाऱ्यांनी ती चाचणी स्वतः बसून पाहण्याचा. विद्यापीठात त्यासाठी दिवस निवडायचा तर परीक्षा अर्जांची मुदत संपण्याच्या आठवड्यातला निवडता येईल. तेव्हा खिडकीपाशी रांग असतेच; त्यातल्या पहिल्या पाच जणांना आत बोलवायचे.