नाव हायड्राइडचं, वागणं आम्लाचं

सोडियम हायड्राइडवर पाण्याचा थेंब पडला की हायड्रोजन वायू फसफसून बाहेर येतो, कारण त्यातल्या हायड्रोजनवर ऋण भार असतो. हायड्राइडची आपली ओळख इतकीच. वाल्टर हीबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये लोहाचं एक हायड्राइड समोर आणलं, ते मात्र आम्ल निघालं. त्यात एका लोहअणूला चार कार्बन मोनॉक्साइड आणि दोन हायड्रोजन जोडलेले असतात.

ते तयार होतं आयर्न पेंटाकार्बोनिल या पिवळसर, अतिशय विषारी द्रवापासून. हवा पूर्ण वगळून त्यात अल्कली मिसळतात. अल्कलीतलं हायड्रॉक्साइड लोहाला हात लावत नाही. ते एका कार्बोनिलच्या, म्हणजे लोहाला जोडलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या, कार्बनवर जाऊन बसतं. मग तो कार्बन कार्बन डायॉक्साइड होऊन निसटतो आणि मागे राहिलेला हायड्रोजन थेट लोहाला चिकटतो. कार्बन डायॉक्साइड अल्कलीतच कार्बोनेट म्हणून अडकतो. आता द्रावणात एक हायड्रोजन असलेला ऋण आयन असतो. थंडीत आम्ल घातलं की दुसरा हायड्रोजनही बसतो. हे संयुग थंडच ठेवावं लागतं; उणे २० अंश सेल्सिअसच्या वर ते मोडू लागतं.

लोहाचे ८, चार कार्बोनिलांचे ८ आणि हायड्रोजनांचे २ असा १८ इलेक्ट्रॉनांचा हिशेब इथे चोख बसतो. रचना मात्र वाकडा अष्टफलक आहे. दोन्ही हायड्रोजन शेजारी शेजारी असतात. ते इतके लहान, की समोरासमोरची दोन कार्बोनिलं त्यांच्याकडे झुकतात आणि त्यांच्यातला कोन १८० ऐवजी सुमारे १५० अंश उरतो.

मग आम्लपणा कुठला? प्रोटॉन निघून जाताना बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी लोहाकडेच ठेवतो. हे ओझं लोह एकटं वाहत नाही, चारही कार्बोनिलं त्यातला वाटा उचलतात. म्हणून पहिला प्रोटॉन सहज सुटतो, दुसऱ्यासाठी बराच तीव्र आम्लारी लागतो. दोन्ही गेले की उरणाऱ्या आयनाचा सोडियम क्षार कार्बनी संश्लेषणात कामी येतो.

आणि हायड्रोजन वायू? तोही सुटतो, पण पाण्यामुळे नव्हे. दोन्ही हायड्रोजन एकमेकांना धरून बाहेर पडतात. रिकाम्या जागी कार्बन मोनॉक्साइड आला, की पुन्हा पेंटाकार्बोनिल हजर! फेरा पूर्ण झाल्यावर ताळेबंद मांडला, तर कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी खर्ची पडून कार्बन डायॉक्साइड आणि हायड्रोजन मिळालेले दिसतात. लोह जिथल्या तिथे.