मुलांचे क्रीडाकौशल्य आणि आत्मविश्वास

घाटकोपर स्थानकाच्या पश्चिमेस असल्फ्याच्या टेकडीवर दाटीवाटीने घरे उभी आहेत. पायऱ्या चढून-उतरून शाळेत येणाऱ्या तेथील मुलांच्या पायांत बळ कमी नसते. परंतु चेंडू फेकण्या-झेलण्यास लागणारी सपाट जागा घराजवळ क्वचितच मिळते. पूर्वेस पंतनगरला आचार्य अत्रे मैदान आहे. पण लहान मुलाने रेल्वेमार्गापलीकडे एकट्याने खेळावयास जावे, असे कोणते आईबाप म्हणतील? साहजिकच पुष्कळशा मुलांचा खऱ्या खेळाशी परिचय शाळेच्या पटांगणावरच होतो. तेथे एखाद्याच्या हातून दोन-तीनदा चेंडू सुटतो, सवंगडी हसतात आणि पुढल्या तासाला तो भिंतीशी उभा राहतो. ‘याला खेळाची आवडच नाही’ असा शेरा मग सहज दिला जातो.

हा शेरा बहुधा चुकीचा असतो. धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, फेकणे व झेलणे यांना कारक कौशल्ये म्हणतात. ती वयाबरोबर आपोआप पक्की होत नाहीत. अक्षरांप्रमाणेच ती शिकवावी व गिरवून घ्यावी लागतात. अमेरिकेतील डेव्हिड स्टॉडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयाची जी मांडणी केली, तीनुसार कौशल्य असलेले मूल स्वतःला समर्थ समजते, म्हणून अधिक खेळते. खेळल्याने त्याची शारीरिक क्षमता वाढते व कौशल्यही सुधारते. उलट बाजूचे चक्रही असेच फिरत राहते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात प्राथमिक शाळेतील मुलांची कौशल्ये २००० साली तपासून सुमारे सहा वर्षांनी त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. लहानपणी चेंडू हाताळण्यात तरबेज असलेली मुले पौगंडावस्थेत अधिक सक्रिय व सुदृढ आढळली आणि या दोहोंना जोडणारा दुवा ‘मला खेळता येते’ ही त्यांची स्वतःविषयीची भावना हा होता.

पाच-सहा वर्षांच्या बालकाला आपण सर्वांत वेगवान आहोत असेच वाटत असते! आठव्या वर्षाच्या सुमारास ते स्वतःची इतरांशी तुलना करू लागते. म्हणून पहिली-दुसरीचे वर्ग महत्त्वाचे. ‘खेलो इंडिया’च्या तपासणीतही पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तोल व हाताची चपळाई यांच्या चाचण्या आहेत, सहाशे मीटर धाव नवव्या वर्षापासून येते. या नोंदी मुलाच्या स्वतःच्या मागील नोंदीशी ताडून पाहाव्यात, वर्गात वाचून दाखवू नयेत.

साधनांची अडचण फारशी नाही. लंगडीने तोल येतो, लगोरीने नेम साधतो, खो-खोत चटकन दिशा बदलण्याची सवय होते. आदिवासी पाड्यावरील एकशिक्षकी शाळेलाही हे परवडते. अडचण आहे ती नियमांची. आपल्या बहुतेक खेळांत बाद झालेला गडी बाहेर बसतो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी सराव येतो. स्पर्धेत हे योग्यच आहे. परंतु खालच्या वर्गांच्या तासाला बाद झालेल्यास दहा उड्या मारून पुन्हा आत येऊ द्यावे, मोठ्या वर्गाचे दोन गट पाडावेत आणि झेलण्यासाठी प्रारंभी कापडी, मोठा चेंडू द्यावा.