ट्रंकेत निजामी नोट सापडली? तिची खरी किंमत अशी ठरते

जुन्या जालन्यातला एखादा वाडा उतरवायला घेतला, की ट्रंकेच्या तळाशी किंवा पोथीच्या बस्त्यात घडी घातलेली उर्दू अक्षरांची नोट निघते. फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि कुणीतरी ‘लाखांत जाईल’ असे ठोकून देतो. खरे काय?

ही नोट बहुधा हैदराबाद संस्थानची असते. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि 1918 मध्ये निजाम सरकारला स्वतःच्या कागदी नोटा काढण्याची मुभा मिळाली. आधी 10 आणि 100 रुपयांच्या नोटा आल्या, 1919 मध्ये 1 आणि 5 च्या, तर 1926 मध्ये हजाराची. पुढे त्यांची छपाई नाशिकच्या छापखान्यात होऊ लागली. आपल्याकडचे जुने लोक या चलनाला ‘हाली’ म्हणत, तर इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. 1950 मध्ये भारतीय रुपया आला तेव्हा 7 हाली रुपयांना 6 रुपये असा हिशेब होता. 1959 मध्ये हाली चलन पूर्ण बंद झाले. त्यामुळे बँक आता ही नोट बदलून देणार नाही. जी किंमत आहे ती संग्राहकाकडे.

आणि संग्राहक वयापेक्षा दुर्मिळता आणि अवस्था पाहतो. 1 आणि 5 च्या नोटा तुलनेने सापडतात, 100 ची क्वचित, हजाराची तर फारच विरळ. सही कोणाची आहे यावरही भाव बदलतो. त्यानंतर कागद: घड्या, टाचणीची भोके, वाळवीने खाल्लेले कोपरे. एकाच छापाच्या कोऱ्या आणि चुरगळलेल्या नोटेच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून इस्त्री फिरवू नका, धुऊ नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. नोट लॅमिनेट करणारे उत्साही लोकही आहेत, त्यांना आवरा.

भाव पाहताना ऑनलाइन जाहिरातीतला आकडा धरू नका. तो मागणाऱ्याचा असतो. नाणी-नोटांच्या लिलावात तसाच नग प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते पाहा, आणि दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नका.

खरा धोका वेगळाच आहे. ‘ट्रॅक्टरची 5 ची नोट द्या, लाखो घ्या’ असे सांगणारे लोक आधी नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन मागतात. जुन्या नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच स्पष्ट केले आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

त्याच ट्रंकेत 2016 मध्ये बाद झालेल्या 500-1000 च्या नोटा निघाल्या, तर मोजून घ्या. 2017 च्या कायद्यानुसार अशा 10 पेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा 25 आहे. त्याहून जास्त सापडल्यास 10 हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो.